मोटरसायकलचा ईसीयू आणि फ्युएल मॅपिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा या पट्ट्यातून फोनवर आणि गॅरेजच्या दारात उभं राहून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे उतरवले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ईसीयू म्हणजे नेमकं काय? आणि हा ‘मॅप’ असतो तरी कुठे?

सीटखाली किंवा साइड पॅनेलच्या आत एक छोटी, सीलबंद डबी असते. तीच ईसीयू, म्हणजे इंजिन कंट्रोल युनिट. क्रँकचा सेन्सर, थ्रॉटलचा सेन्सर, हवेच्या दाबाचा आणि तापमानाचा सेन्सर, इंजिनच्या तापमानाचा सेन्सर आणि सायलेन्सरच्या बेंडमधला ऑक्सिजन सेन्सर असे सगळे तिला सतत माहिती देत असतात. त्यावरून ती दोन गोष्टी ठरवते: इंजेक्टर किती मिलीसेकंद उघडा ठेवायचा आणि प्लगला ठिणगी नेमकी कधी द्यायची.

हे ठरवायला तिच्या मेमरीत तक्ते साठवलेले असतात. आडव्या ओळीत आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे), उभ्या रांगेत थ्रॉटल किती टक्के उघडा आहे ते किंवा मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळीतला) दाब, आणि प्रत्येक घरात एक आकडा. हाच मॅप, आणि त्यातले आकडे बदलणं म्हणजे मॅपिंग किंवा रिमॅप. इंजिन दोन घरांच्या मधे कुठे चालत असेल तर ईसीयू आजूबाजूच्या घरांवरून मधला आकडा काढते. त्यावर मग इंजिन गार आहे का, हवा तापलेली आहे का, बॅटरीचा व्होल्टेज किती आहे, अशा दुरुस्त्या चढतात.

वेग लक्षात यावा म्हणून एक हिशेब सांगतो. ८,००० आरपीएमला चार स्ट्रोकचं एक चक्र फक्त १५ मिलीसेकंदांत पूर्ण होतं. म्हणजे हा सगळा विचार सेकंदाला सहासष्ट वेळा होतो.

२. माझी जुनी कार्बोरेटरची गाडी आहे. तिचं मॅपिंग होतं का?

पेट्रोलचं होत नाही. तिथे ईसीयूचं काम पायलट जेट, निडल आणि मेन जेट करतात, आणि ते बदलणं हेच तिचं ट्यूनिंग. आपल्याकडे इंजेक्शनच्या गाड्या २००६ ची ग्लॅमर एफआय, २००७ ची पल्सर २२० अशा तुरळक आल्या होत्या. १ एप्रिल २०२० ला बीएस६ लागू झालं आणि त्यानंतरच्या जवळपास सगळ्या नव्या मोटरसायकली इंजेक्शनच्याच आहेत. गाडी कोणत्या बाजूची आहे हे कळत नसेल तर चोक शोधा. चोकचा खटका असेल तर कार्बोरेटर.

३. माझी बीएस६ स्प्लेंडर आहे. रोज शेतात आणि डेअरीला जाते. मॅपिंग केलं तर ॲव्हरेज वाढेल का?

नाही, आणि कुणी पैसे घेऊन वाढवून देतो म्हणाला तर देऊ नका. ९७.२ सीसीच्या या इंजिनाचा मॅप कंपनीने मुळात ॲव्हरेजसाठीच बसवलेला आहे. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) आधीच बरोबर जागी धरून ठेवतो, त्यात काढून घेण्यासारखं काही उरत नाही. टायरमधली हवा, चेनचा ताण आणि तेल, घासणारा ब्रेक आणि एअर फिल्टर एवढं नीट केलं तर डेअरीच्या फेऱ्यांमध्ये फरक दिसतो. दुधाच्या कॅन लावून टॉप गिअरमध्ये वीस-पंचवीसच्या चालीने गाडी ओढायची सवय असेल तर ती आधी सोडा. एक गिअर खाली घ्या.

४. रिमॅप करायच्या आधी गाडीत काय काय तपासून घ्यायचं?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आजारी इंजिनावर बसवलेला मॅप हा त्या आजारावर बसवलेला मॅप असतो. उद्या दोष काढला की मॅप चुकीचा ठरतो.

चोपडा भागातून एक २०० सीसीची गाडी आली होती. दोन ठिकाणी रिमॅप झालेला, तरी सहा हजारांच्या पुढे दम नाही. आम्ही लॅपटॉप उघडलाच नाही. एअर फिल्टर काढून दारातल्या उन्हाकडे धरला तर उजेड आरपार येईना. फिल्टरच्या कागदाच्या घड्यांमध्ये कापसाची बारीक लव आणि काळ्या मातीची धूळ यांचा नमदा झाला होता. मालकाचा रोजचा रस्ता जिनिंगच्या फाटकावरून जाणारा. नवा फिल्टर घातला, मूळ मॅप परत भरला, गाडी आरपीएमच्या लाल पट्ट्यापर्यंत फिरली. त्याआधीच्या दोन्ही रिमॅपमध्ये कुणी फिल्टरचा स्क्रूसुद्धा फिरवलेला नव्हता.

तेव्हा आधी फिल्टर. मग टॅपिट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट), आणि तोही गार इंजिनावर फिलर गेजने मोजून, कानाने नव्हे. मग प्लग आणि त्याचा गॅप. थ्रॉटल बॉडीतला काजळीचा थर. इनटेकच्या रबराला बारीक चीर आहे का, हे पाण्याच्या फवाऱ्याने बघता येतं: इंजिन आयडलला ठेवून रबरावर फवारा मारला आणि आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारू नका, पेट घेतं.

फ्युएल पंपाचा दाब गेजवर बघा, बहुतेक गाड्यांना तो ३ बारच्या आसपास हवा. दाब कमी असेल तर इंजेक्टर ठरल्या वेळेला उघडूनही पेट्रोल कमी पडतं आणि तक्त्यातला आकडा निरर्थक होतो. चार्जिंग व्होल्टेज मोजा. सायलेन्सरच्या बेंडचं गॅस्केट बघा, त्याचं कारण प्रश्न १६ मध्ये आहे. शेवटी स्कॅनर लावून एरर कोड वाचा. कोड पुसून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

५. मिक्श्चर रिच आहे की लीन, हे प्लगचा रंग बघून कळतं ना?

अंदाज येतो. पांढराफटक प्लग म्हणजे लीन, कोरडी काळी काजळी म्हणजे रिच, विटकरी-तांबूस म्हणजे ठीक, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. पण आताच्या पेट्रोलवर प्लग मुळात फिकाच राहतो. शिवाय गाडी गॅरेजपर्यंत आयडलवर आणली तर प्लग आयडलचा रंग दाखवतो, हायवेचा नाही.

मोजायचं असेल तर लॅम्डा मोजावा लागतो. जळायला लागते तेवढीच हवा असेल तर लॅम्डा १. त्याहून हवा जास्त असेल तर आकडा १ च्या वर, म्हणजे लीन. पेट्रोल जास्त असेल तर १ च्या खाली, म्हणजे रिच. गाडीत बसवून येणारा ऑक्सिजन सेन्सर साधा नॅरोबँड असतो. तो फक्त १ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. ०.९५ आणि ०.८२ दोन्ही त्याच्या लेखी ‘रिच’. म्हणून मॅपिंगला वाइडबँड सेन्सर वेगळा बसवतात. तो नसेल तर पुढची सगळी कामं अंदाजपंचे.

आकडे लक्षात ठेवायचे तर: सरळ रस्त्यावर एकसारख्या चालीला लॅम्डा १, पूर्ण थ्रॉटलला साधारण ०.८५ ते ०.९०. एअरकूल्ड इंजिन आणि आपलं ऊन एकत्र आलं की मी ०.८५ कडेच झुकतो. जास्तीचं पेट्रोल ज्वलनकक्ष थोडा थंड ठेवतं, आणि मे महिन्यात पिस्टनला तेवढा आधार लागतो.

६. नुसता सायलेन्सर बदलला. मॅप करावाच लागतो का?

मागचा तुकडाच बदलला असेल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा भाग) आणि सेन्सरची जागा तशीच असेल, तर सहसा नाही. आयडल आणि रोजच्या चालीत ईसीयू सेन्सरच्या आधाराने स्वतःच जुळवून घेते, याला क्लोज्ड लूप म्हणतात. अडचण पूर्ण थ्रॉटलला येते. तिथे ती सेन्सरचं ऐकत नाही, तक्त्यातला आकडा सरळ उचलते. बेंडपासून पूर्ण सिस्टिम बदलली, वर फ्री-फ्लो फिल्टर घातला, की हवा वाढते पण तक्ता जुनाच राहतो, आणि इंजिन नेमकं जास्त भाराखाली लीन पडतं. अशा वेळी मॅप हवाच.

फिल्टरबद्दल माझं स्पष्ट मत आहे. एअरबॉक्स काढून उघडा कोन फिल्टर लावणं खान्देशच्या धुळीत करू नका. मिळेल तो थोडासा पिकअप सिलिंडरच्या घासण्यात परत द्यावा लागतो.

७. ‘भो, दुपारले गाडी गचका मारस, सकाय मस्त चालस. मॅप गया का?’

मॅप कुठे जात नाही. शिरपूर-शहादा बाजूने एप्रिल लागला की हा प्रश्न हमखास येतो.

दुपारी गाडी उन्हात उभी असते किंवा चौकात थांबलेली असते. इंजिनची धग वर चढते आणि एअरबॉक्समधला हवेच्या तापमानाचा सेन्सर तापतो. खरी हवा ४३ अंशांची असेल, सेन्सर ६०-६५ सांगतो. हवा तापली म्हणजे विरळ झाली असं समजून ईसीयू पेट्रोल कमी करते, पण आत येणारी हवा तेवढी विरळ नसते. मिक्श्चर लीन होतं आणि गाडी निघताना गचका खाते. किलोमीटरभर गेल्यावर सेन्सरवर वारा लागतो आणि सगळं सुरळीत. लक्षण असं असेल तर हवेच्या तापमानाच्या दुरुस्तीचा तक्ता थोडा सौम्य करता येतो. मुख्य मॅपला हात लावायचं कारण नाही. किलोमीटरभर जाऊनही गचका थांबत नसेल तर मात्र प्रश्न ४ ची यादी धरा. तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल आणि थकलेला फ्युएल पंप हे दोघे पहिले संशयित.

उन्हाळ्यात एकूणच ताकद कमी का वाटते, तर ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते. तेवढा ऑक्सिजनच आत येत नाही. ही ताकद मॅपने परत आणून देतो असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

८. ई२० पेट्रोल आल्यापासून गाडी कोरडी वाटते आणि ॲव्हरेज पडलं. रिमॅपने सुटेल का?

अर्धं सुटेल. ई२० मध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. त्यामुळे ई२० च्या एका लिटरमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ॲव्हरेजमधली एवढी घट मॅपने भरून निघत नाही.

कोरडेपणाचं मात्र काही करता येतं. निव्वळ पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे ई१० धरून केलेल्या मॅपवर ई२० टाकलं की पूर्ण थ्रॉटलला गाडी जवळपास चार टक्के लीन पडते. क्लोज्ड लूपमध्ये सेन्सर ते सांभाळतो, उघड्या थ्रॉटलला सांभाळत नाही. तिथे तीन-चार टक्के पेट्रोल वाढवलं की गाडी सैल होते. ट्यूनरला आकडा विचारताना नेहमी लॅम्डात विचारा. ‘१३ चा रेशो ठेवलाय’ म्हणजे कोणत्या पेट्रोलवर, हा प्रश्न उरतोच.

गाडी जुनी असेल तर मॅपच्या आधी रबराचे पाइप आणि सील बघा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग ई२० सहन करतील असे दिलेले असतात, त्याआधीच्यांचं तसं सांगता येत नाही. पावसाळ्यात टाकीत पाणी जाऊ देऊ नका, इथेनॉल पाणी ओढतं आणि पुरेसं पाणी झालं की त्याच्यासकट तळाशी वेगळं बसतं. पंप तिथूनच ओढतो.

९. महागाचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर ताकद वाढते का?

कंपनीच्या मॅपवर बहुतेक गाड्यांना फरक पडत नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, आपोआप भडकण्याला पेट्रोल किती विरोध करतं त्याचं माप.  इग्निशन मॅपमध्ये ॲडव्हान्स वाढवला असेल, म्हणजे ठिणगी आणखी आधी दिली असेल, तर जास्त ऑक्टेनचं लागेल, आणि मग ते कायम लागेल. साक्री किंवा धडगावकडे निघालात आणि वाटेतल्या पंपावर फक्त साधं मिळालं, तर त्या मॅपवर घाट चढताना इंजिन नॉक करेल, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येईल. म्हणून मी आपल्या भागात ॲडव्हान्स साध्या पेट्रोलला झेपेल एवढाच ठेवतो.

१०. पिगीबॅक लावू की ईसीयूच फ्लॅश करून घेऊ?

पिगीबॅक ही मधे बसणारी पेटी. ईसीयूने इंजेक्टरला दिलेला सिग्नल ती अडवते, लांबवते आणि पुढे पाठवते. फ्यूएलएक्स, पॉवरट्रॉनिक या भारतात बनणाऱ्या पेट्या सगळ्यांच्या ऐकण्यातल्या आहेत. कपलरला कपलर जोडायचा, नको झालं तर काढायचा, मूळ ईसीयूला धक्का नाही. फ्लॅशमध्ये ईसीयूच्या आतले तक्तेच बदलतात, त्यामुळे इग्निशन, तापमानाच्या दुरुस्त्या, फॅन कधी सुरू व्हावा इथपर्यंत हात पोचतो. पण अलीकडच्या कित्येक ईसीयू कुलूपबंद येतात, त्या वाचताच येत नाहीत.

रोजच्या गाडीला सायलेन्सर-फिल्टरपुरतं जमवायचं असेल तर पिगीबॅक पुरे. इंजिनात कॅम, पिस्टन असं काही बदललं असेल तर फ्लॅश. दोन्ही एकदम लावू नका, दोष कुणाचा ते पुढे कुणालाच सांगता येत नाही.

११. मित्राची सेम गाडी आहे, त्याची फाइल माझ्यात टाकली तर?

टाकू नका. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे ईसीयू सॉफ्टवेअर नंबर वेगळे निघतात, बीएस४ आणि बीएस६ चे तर नक्कीच. नंबर जुळला तरी त्याचा सायलेन्सर, त्याचा फिल्टर, त्याचं इंजिन किती झिजलंय हे सगळं त्या फाइलमध्ये आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या फुकट फाइलींना हेच लागू.

१२. तुम्ही लॅपटॉपवर नेमकं करता काय? एखादा आकडा बदलून दाखवा.

दाखवतो. समजा ५,००० आरपीएम आणि ८० टक्के थ्रॉटलच्या घरात ५.२ मिलीसेकंद आहेत. गाडी तिथे धरली तर वाइडबँड ०.९६ दाखवतो. आपल्याला हवा आहे ०.८८. साधा त्रैराशिकाचा हिशेब ५.२ गुणिले ०.९६ भागिले ०.८८, उत्तर ५.६७. इथेच नवशिका चुकतो. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून तो खरंच उघडेपर्यंत थोडा वेळ वाया जातो. समजा या इंजेक्टरचा तो वेळ १ मिलीसेकंद आहे. मग पेट्रोल पडतं ते ४.२ मिलीसेकंदच. त्याला वाढवायचं: ४.२ चे होतात ४.५८, त्यात वाया जाणारा १ परत मिळवला की ५.५८. आयडलला जिथे एकूण उघडणंच दोन-अडीच मिलीसेकंद असतं, तिथे ही चूक फार मोठी होते. काही ईसीयूंमध्ये तक्त्यात मिलीसेकंदांऐवजी सिलिंडर किती भरतो त्याची टक्केवारी असते. तिथे ईसीयू हा वाया जाणारा वेळ स्वतः धरते आणि सरळ त्रैराशिक चालतं.

मग शेजारची घरं बघायची. एकच घर उंच आणि भोवती खोलगट असं राहिलं तर गाडी तिथून जाताना ठेच लागल्यासारखी हलते. म्हणून उतार सारखा करत जायचा. नंतर परत धरायचं, परत मोजायचं. पूर्ण थ्रॉटलची घरं डायनोवरच (गाडी जागेवर रोलरवर चालवून मोजणारं यंत्र) भरावीत. धुळे-जळगाव महामार्ग त्यासाठी नाही, तिथे ट्रॅक्टर कधी आडवा येईल सांगता येत नाही. रस्त्यावर मी फक्त अर्ध्या थ्रॉटलपर्यंतची घरं बघतो आणि लॉग (चालताना नोंदलेले आकडे) घरी येऊन वाचतो.

१३. फ्लॅश करताना मधेच बंद पडलं तर ईसीयू जाते का?

जाऊ शकते. माझ्या हातून एकदा झालंय. गाडी चांगली, केबल चांगली, पण बॅटरी तीन वर्षांची. किल्ली ऑन, हेडलाइट लागलेला, आणि लिहिणं साठ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर रेडिएटरचा फॅन फिरला. व्होल्टेज खाली बसला आणि प्रोग्रॅम अडकला. किल्ली फिरवली तर मीटर उजळलं, पंपाचा नेहमीचा झूं आवाज आला नाही. मालक समोर स्टुलावर बसलेला. ती ईसीयू काढून, टेबलावर वेगळ्या तारा जोडून परत लिहावी लागली. त्यात दोन दिवस गेले, आणि त्या मुलाची त्या आठवड्यात परीक्षा होती, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून बॅटरीला स्थिर व्होल्टेजचा सप्लाय लावल्याशिवाय आणि हेडलाइट-फॅनचे कपलर सोडवल्याशिवाय मी लिहायला घेत नाही. तुमचा ट्यूनर हे करतो का ते बघा. आणि बदल करण्यापूर्वी मूळ फाइल वाचून तुम्हाला पेनड्राइव्हवर मागून घ्या.

१४. तोरणमाळला गाडी ओढत नाही. घाटासाठी वेगळा मॅप असतो का?

नाही, गरज नाही. तोरणमाळ हजार मीटरच्या वर, जळगाव दोनशेच्या आसपास. हजार मीटर चढलं की हवेचा दाब दहा-बारा टक्के घटतो. इंजेक्शनची गाडी दाब मोजून तेवढं पेट्रोल आपोआप कमी करते. कार्बोरेटरची गाडी वर जाऊन रिच होत असे, तसं हिचं होत नाही. ताकद मात्र हवेबरोबर कमी होणारच, त्यात दोष नाही. फक्त वर गेल्यावरच काळा धूर येत असेल तर दाबाचा सेन्सर किंवा त्याची बारीक नळी तपासा, ती चोंदलेली किंवा निसटलेली सापडते. चांदसैली घाटात डबलसीट असताना गाडी धापा टाकत असेल तर पुढच्या स्प्रॉकेटला एक दात कमी हा मॅपपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

१५. ऑक्सिजन सेन्सर काढून डमी लावला तर पिकअप वाढतो म्हणतात. खरं का?

काही गाड्या थोड्या मऊ चालतात, कारण ईसीयू मिक्श्चर १ वर ओढणं सोडते आणि तक्त्यावर चालते. त्या बदल्यात ती आंधळी होते. इंजेक्टर चोंदला, पेट्रोल बदललं, इंजेक्टर गळायला लागला, तिला काही कळत नाही. पेट्रोल जास्त जातं आणि कन्व्हर्टर तापून खराब होतो. मी हे करून देत नाही.

१६. सेन्सर ‘लीन’ सांगतोय, पण प्लग काळाकुट्ट. कुणावर विश्वास ठेवू?

प्लगवर. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरातला ऑक्सिजन मोजतो. बेंडचं गॅस्केट फुटलं असेल तर दोन धक्क्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ म्हणतो, ईसीयू पेट्रोल ओतत राहते आणि प्लग काळा होतो. मिसिंगचंही तसंच. ठिणगी चुकली की न जळलेल्या मिक्श्चरमधला सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर जातो. टाकीत पेट्रोल भरपूर, सिलिंडर ओला, आणि स्क्रीनवर लीन. अशा वेळी मॅपमध्ये पेट्रोल वाढवणारा माणूस आगीत तेल ओततो.

तपासायला सोपं आहे. गार इंजिन सुरू करून बेंडच्या जोडाजवळ हात न लावता ऐका, बारीक टिक-टिक ऐकू येते. इंजिन गार झाल्यावर जोड उघडला तर काजळीची रेघ बाहेरपर्यंत आलेली दिसते. गॅस्केट बदला, प्लग-कॉइल तपासा, मग परत मोजा. वाइडबँडही याच फसवणुकीला बळी पडतो, म्हणून प्रश्न ४ आधी आणि प्रश्न १२ नंतर.

१७. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फट्‌फट्‌ फटके येतात.

थोडे येणं गैर नाही. थ्रॉटल बंद केला की ईसीयू पेट्रोल तोडते, उरलंसुरलं मिक्श्चर गरम पाइपमध्ये पेटतं. कंपनीच्या सायलेन्सरवर अचानक सुरू झाले असतील तर गळती शोधा, प्रश्न १६ प्रमाणे. मुद्दाम फटके येतील असा मॅप मागणारी मुलं येतात. त्यात पाइपमध्ये पेट्रोल जाळलं जातं, एग्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि कन्व्हर्टर भाजतात, आणि दवाखान्यासमोरून जाताना आत झोपलेल्या माणसाच्या छातीत धस्स होतं. नाही म्हणतो.

१८. आरटीओ, पीयूसी, वॉरंटी यांचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए (४) खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर कलम १९०(२): तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र. एमएच १८, १९, ३९, कुठल्याही पासिंगला हे सारखंच. कन्व्हर्टर काढलेली गाडी रस्त्यावर कायदेशीर नाही, मॅप कितीही छान असो.

फ्लॅश केलेलं सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला दिसू शकतं, आणि इंजिनची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. वॉरंटी चालू असेल तर थांबा. विम्याच्या कंपनीलाही बदल कळवावा लागतो.

१९. रेव्ह लिमिट हजार-दीड हजाराने वाढवून द्या ना.

आरपीएमची ही कमाल लिमिट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगसाठी असते. त्यापुढे स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर परत बसवू शकत नाही, आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. तसंही बहुतेक गाड्यांची ताकद लिमिटच्या आधीच उतरायला लागलेली असते.

२०. बॅटरी काढली की मॅप पुसला जातो का?

मॅप जात नाही. ईसीयूने क्लोज्ड लूपमध्ये शिकलेल्या दुरुस्त्या काही गाड्यांत जातात, काहींत राहतात. बॅटरी लावल्यावर किल्ली ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, थ्रॉटलला हात न लावता स्टार्ट करा आणि गरम होईपर्यंत आयडलला ठेवा. पहिले काही किलोमीटर आयडल वरखाली होत असेल तर घाबरू नका.

२१. मॅप केल्यावर दिवाळीपर्यंत मस्त चालली, संक्रांतीला परत पहिल्यासारखी. मॅप उतरला का?

मॅप उतरत नाही, मधे कापसाचा हंगाम येतो. दिवाळी ते संक्रांत हे आपल्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांचे, लव आणि धुळीचे दिवस. मॅप केला तेव्हा फिल्टर नवा होता, आता तो अर्धा बंद आहे. ज्यांचा मॅप फक्त थ्रॉटल आणि आरपीएमवर चालतो, हवेचा दाब बघत नाही, त्यांना हे जास्त जाणवतं: थ्रॉटल तेवढाच उघडा म्हणून पेट्रोल तेवढंच, हवा मात्र कमी, म्हणून गाडी रिच. फिल्टर काढा, उजेडाकडे धरा. कागदाचा फिल्टर असेल तर बदला, हवा मारून साफ करू नका, कागद फाटतो. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवा. त्यानंतरही सहा हजारांच्या पुढे दम नसेल तर गाडी घेऊन या, आणि येताना ती मूळ फाइलची पेनड्राइव्ह सोबत आणा.